दुसऱ्या सर्व्हरवरून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ ही विनंती, घ्यायची कशी? फॉर्जफेड (कोडचे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडायची पद्धत) कोणी वापरलंय का?

रामबाग_इंदूर
आम्ही इंदूरचे चारपाच जण मिळून मराठी स्पेलचेकची शब्दयादी सांभाळतो, सगळं आमच्याच छोट्या सर्व्हरवर, त्यावर फोर्जेयो टाकलंय, म्हणजे कोड ठेवायचं आणि त्यावर चर्चा करायचं सॉफ्टवेअर. गेल्या आठवड्यात बडोद्याच्या एका ताईंनी मोठी चूक पकडली. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या लोक दोन तऱ्हेनं टाइप करतात, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि दुसरा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जॉइनर टाकून, दिसायला दोन्ही सेम, पण आमची यादी एकच ओळखते आणि दुसऱ्याखाली लाल रेघ. ताईंनी दुरुस्ती करूनही ठेवलीये, त्यांच्या कोडबर्गच्या (कोड ठेवायची एक सार्वजनिक साइट) खात्यात. आमच्याकडे पाठवायची तर इथे खातं हवं, आणि स्पॅममुळे आम्ही नोंदणीच बंद ठेवलीये. मेल कसा कुठल्याही सर्व्हरवरून कुठेही जातो, तसं हे का नाही होत?

मांडवीचा_मन्या
कोडचं तसंच होतं की, गिट (कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) 2005 पासून त्यासाठीच आहे. ताईंची रेपो, म्हणजे कोडचा साठा, रिमोट म्हणून जोडा, फेच करा (बदल उतरवून घ्या), मर्ज करा (आपल्यात मिसळा), संपलं. अडकतं ते बोलणं. इश्यू (चुकांच्या नोंदी), रिव्ह्यू, ‘ही ओळ अशी का’ ही चर्चा, हे सगळं त्या त्या साइटच्या डेटाबेसमधे असतं, रेपोची नक्कल (क्लोन) घेतली तरी बरोबर येत नाही. लोक मोठी साइट सोडत नाहीत ते मला वाटतं याच्यामुळेच.

सराफा_रात्री
फॉर्जफेड नेमकं याच्यासाठीच आहे. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण अनेक सर्व्हरवर पसरलेलं) ज्यावर चालतं ते ॲक्टिव्हिटीपब, 2018 मधे डब्ल्यू3सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालेलं, त्यातच रेपो, इश्यू, मर्ज रिक्वेस्ट हे शब्द वाढवलेत. रेपोला स्वतःचा इनबॉक्स असतो, ताईंचा सर्व्हर त्यात सही केलेली ‘ऑफर’ टाकतो, तुमचा सर्व्हर सही तपासतो, खातं त्यांचं तिथेच राहतं. पण दादा, फोर्जेयोमधे हे काम अजून चालू आहे, पुल रिक्वेस्ट त्याच्या भरवशावर ठेवू नका. आज करायचं तर ताईंना सांगा गिट फॉरमॅट-पॅच मारून बदलाची फाइल (पॅच) बनवा आणि मेल करा, तुम्ही ती गिट एएम या कमांडनं लावा. लिनक्स कर्नलवाले अजून पॅच मेलनंच पाठवतात. आणि कोडबर्गनं लॉगिन करायची सोय ओऑथमधून (एका साइटच्या खात्यानं दुसरीकडे शिरायची पद्धत) तुमच्याकडे जोडता येईल, म्हणजे निदान नवीन पासवर्ड नको.

रामबाग_इंदूर
झालं! रात्री पॅच आला, एका झटक्यात लागला, आणि लॉगमधे नाव ताईंचंच आलं, मला तेच हवं होतं, काम ज्याचं नाव त्याचं. एक मात्र खटकतं, जॉइनरवाला शब्द यादीत वेगळा घालायचा की तपासायच्या आधीच बदलून घ्यायचा यावर आमची सात मेलची चर्चा झाली, ती आता दोघांच्या मेलबॉक्समधेच पडून आहे, पुढे कोणी विचारलं तर दाखवायला काही नाही. म्हणून फॉर्जफेड मला मनापासून हवंय. तोवर ती चर्चा कमिट मेसेजमधे, म्हणजे बदलासोबत जाणाऱ्या टिपणात, लिहून टाकतो. ‘ऱ्हास’ आणि ‘तऱ्हा’ची टेस्ट अजून राहिलीये, कोणाला जमत असेल तर पॅच पाठवा, खातं नाही लागणार.