स्विच स्पोर्ट्स छोट्या हॉलमध्ये कसं खेळता? साबांचा (सासूबाईंचा) बॉल कायम डावीकडे जातोय

पावसाळी_रेवती

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. भाऊ मे महिन्यात न्यू जर्सीहून आला तेव्हा लेकासाठी (चौथीत आहे) निन्टेन्डो स्विच (टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) घेऊन आला आणि सोबत स्विच स्पोर्ट्सचं कार्ट्रिज. मी आधी नकोच म्हणत होते, मोबाइलवरून रोज वाद होतातच त्यात हे आणखी एक, पण हा प्रकार वेगळा निघाला, इथे सोफ्यावर बसून बटणं दाबत बसायचं नाही तर उभं राहून हात फिरवायचा. आणि खरी गंमत म्हणजे लेकापेक्षा जास्त साबा रमल्यात. वय ६८, आठ महिन्यांपूर्वी उजवा गुडघा बदललाय, आमची बिल्डिंग कल्याणला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यामुळे खाली उतरणं जवळजवळ बंदच झालं होतं आणि दिवसभर दिवाणावर बसून असायच्या. आता संध्याकाळी दिवाबत्ती झाली की पदर खोचतात, बांगड्या कोपराकडे सरकवतात आणि नातवाला म्हणतात चल लाव ते पिनांचं. मला बघूनच भरून येतं हो.

तर अडचणी. एक म्हणजे बोलिंगमध्ये त्यांचा बॉल सरळ टाकला तरी शेवटी डावीकडे वळतोच, त्या फार हिरमुसतात. दुसरं, टेनिसमध्ये मी बॉल दिसल्यावर मारते तरी उशीर झालेला असतो, लेकाचं मात्र बरोबर लागतं. तिसरं, हॉल दहा बाय बारा, मधोमध पंखा, परवा नवऱ्याची बोटं पंख्याला लागता लागता वाचली. आणि खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या, त्यांचंही बरोबर आहे, पोरगं व्हॉलीबॉलला धाडधाड उड्या मारतं. बंद करावं असं अजिबात वाटत नाही, पण नीट कसं जमवायचं ते सांगा.

गोदाकाठचा_निनाद

रेवती, आधी साबांना माझा नमस्कार सांग.

बॉल डावीकडे जाण्याची दोन कारणं असू शकतात. पहिलं कारण कंट्रोलरमध्ये, आतला सेन्सर कालांतराने थोडा सरकतो. स्विचच्या सिस्टम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स म्हणून आहे त्यात कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स, तिथे जा, जॉयकॉन (हातात धरायचा कंट्रोलर) मशीनपासून काढून टेबलावर सपाट ठेव (दिवाणावर नको, गादी सपाट नसते) आणि उजव्याचं + किंवा डाव्याचं − बटण दाबून धर, मिनिटभराचं काम आहे. दुसरं कारण हातात. उजव्या हाताने टाकताना सोडायच्या क्षणी मनगट आत वळलं की बॉलला फिरकी बसते आणि तो डावीकडे जातो, खऱ्या बोलिंगमध्येही हेच होतं आणि तिथले खेळाडू मुद्दाम तसं टाकतात. म्हणजे गेम चुकत नाहीये, साबांचं मनगट तो बरोबर वाचतोय. त्यांना सांग की हात मागून पुढे नेताना अंगठा शेवटपर्यंत छताकडे ठेवायचा, पाण्याचा तांब्या न सांडता पुढे करतो ना तसा. आणि मागचं झेडआर बटण हात पुढे आल्यावरच सोडायचं. नाहीच जमलं तर टाकायच्या आधी पडद्यावरच्या बाहुलीला थोडं उजवीकडे सरकवून ठेवायचं, मग वळून वळून बॉल मधल्या पिनेवरच येतो. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या उपायाकडे आहे, कारण वळणारा बॉल जास्त पिना पाडतो.

टेनिसचं म्हणशील तर टीव्ही बघ. हल्लीचे टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते थोडं उशिरा दाखवतात, सिरीयल बघताना कळत नाही पण इथे तेवढ्यात बॉल निघून जातो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असेल तो लाव, फरक लगेच कळेल. लेकाचं लागतं कारण पोरं डोळ्यांनी थांबत नाहीत, त्यांना अंदाज बसलेला असतो. पळायचं काम तुझं नाहीच, बाहुली आपोआप पळते, तुझं काम फक्त वेळ साधणं. जरा लवकर मारलंस तर बॉल डावीकडे जाईल, उशिरा मारलंस तर उजवीकडे (उजव्या हाताने खेळत असशील आणि बॉल उजव्या बाजूला आला असेल तर), एकदा हे लक्षात आलं की टेनिस खरं रंगतं.

आनंदी_आत्या

पंख्याचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे २००९ मध्ये वी (निन्टेन्डोचंच जुनं मशीन) होता, त्यातला वी स्पोर्ट्स म्हणजे टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग, पाच खेळ, अख्खं घर वेडं झालेलं. भाच्याने स्ट्रॅप न घालता बॉक्सिंग सुरू केलं आणि घामेजल्या हातातून रिमोट सुटून थेट शोकेसच्या काचेवर. टीव्ही थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम होता की स्ट्रॅप मनगटावर आणि पंखा बंद, मगच खेळ सुरू. तुम्हीपण तोच करा. उकडतं हे खरं पण टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, चालतं. आणि पंख्याच्या बरोबर खाली उभं राहूच नका, टाइलवर खडूने किंवा रंगीत टेपने खूण करा की उभं राहायचं ते इथे. बॅडमिंटनचा स्मॅश, व्हॉलीबॉल आणि ते तलवारीचं चंबारा, यांत हात वर जातो. बोलिंगला तसा धोका नाही. जॉयकॉनच्या स्ट्रॅपच्या तुकड्यावर + आणि − ची खूण असते ती जुळवूनच बसवा, उलटा घातला की अडकून बसतो आणि काढताना जीव जातो.

एक जुनी आठवण सांगते. वीचा तो टीव्हीवर ठेवायचा सेन्सर बार होता ना, त्याची वायर आमच्याकडे उंदराने कुरतडली. तेव्हा दिरांनी टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या लावल्या आणि रिमोट चक्क चालला! कारण त्या बारमध्ये सेन्सर नव्हताच, होते फक्त इन्फ्रारेड दिवे, बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी. स्विचला ती भानगडच नाही, जॉयकॉन स्वतःची हालचाल स्वतःच मोजतो, त्यामुळे टीव्ही कुठेही असो. बाकी बॅडमिंटनचं जुनं नाव पूना होतं, आमच्या पुण्यावरून, हे लेकाला नक्की सांगा.

फिजिओ_मनवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहितेय, आणि रेवती, तुमचं पोस्ट वाचून मनापासून आनंद झाला. गुडघा बदलल्यानंतर माणूस उभं राहायला घाबरतो, त्यात खेळासाठी म्हणून कोणी स्वतःहून उठत असेल तर त्याला तोड नाही. पण काही गोष्टी पाळाच. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. पाय जमिनीला चिकटलेला आणि अंग गर्रकन वळलं, असं होऊ देऊ नका, म्हणजे टेनिस-बॅडमिंटन सध्या नको. बोलिंग उत्तम, आणि ते खुर्चीत बसूनही खेळता येतं, मशीनला हात कळतो, पाय नाही. मागे पक्की, हातवाली खुर्ची ठेवा. सतरंजी किंवा चटई टाइलवर टाकून त्यावर अजिबात उभं करू नका, सरकते. साडी घोट्याच्या वर खोचलेली असू दे.

खांद्याचं सगळेच विसरतात. २००७ साली स्पेनमधल्या एका डॉक्टरने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहून कळवलं होतं, पेशंट ते स्वतःच. सकाळी उठले तर उजवा खांदा प्रचंड दुखतोय, कारण आदल्या दिवशी नव्या वीवर तासन्‌तास टेनिस. हातात रॅकेटचं वजन नाही, बॉलचा धक्का नाही, त्यामुळे थकवा कळत नाही आणि आपण ताकद लावत राहतो. म्हणून एक गेम, मग पाणी, मग दुसरा. हात हळू फिरवला तरी गेमला पुरतो, लेकालाही हे सांगा. बरीच मुलं पूर्ण खांद्यातून झोडतात.

डोंबिवली_फास्ट_नाही

खालच्या काकूंसाठी, जिममध्ये असतात ते जाड रबरी मॅट घ्या, एकमेकांत अडकणारे तुकडे मिळतात, मुलाच्या उभं राहायच्या जागेपुरते चार पुरतात, आवाज बराच कमी होतो. आणि व्हॉलीबॉलला उडी मारायची गरजच नाही, हात वर झटकला की बाहुली उडी मारते, पोराला एकदा दाखवून द्या. साडेआठनंतर फक्त बोलिंग, असं आमच्याकडे ठरलंय. काकूंनाच एकदा वर बोलवा ना, आमच्या सोसायटीत भांडण असंच मिटलं.

पावसाळी_रेवती

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवारी सगळं करून बघितलं. टीव्हीचा गेम मोड एका मेनूत अगदी तळाशी सापडला, लावल्यावर पहिल्यांदाच मी लेकाला टेनिसमध्ये हरवलं, तो हिशोब मागत होता की काय बदललंस. कॅलिब्रेट केल्यावर साबांचा बॉल बराच सुधारला, तरी थोडा वळतोच, पण निनाद म्हणाला तसं उजवीकडे सरकवून टाकतात आता, तांब्याचं उदाहरण त्यांना लगेच पटलं. काल सलग दोन स्ट्राइक (एकाच बॉलमध्ये सगळ्या पिना) पडले तर खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांना दाखवायला हवं होतं गं.

डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतलीय, मनवा, तोवर बसूनच खेळतायत. मॅट ऑर्डर केलेत. खालच्या काकूंना अजून बोलावलं नाही, धीर होत नाहीये, पण बोलावणार.

आता एकच राहिलं, बांगड्यांमुळे स्ट्रॅप मनगटावर घट्ट बसत नाही आणि हिरव्या बांगड्या त्या काढणार नाहीत, मी काढा म्हणणारही नाही. वर सरकवल्या तरी हात खाली आला की परत येतात. कोणाच्या घरी असं असेल तर काय करता ते सांगा.