बार्बरशॉप आणि ‘खरे’ कॉयर
काही जण म्हणतात की बार्बरशॉप (म्हणजे न्हाव्याचं दुकान नव्हे, चार आवाजांत गायची समूहगानाची शैली) ही हौशी लोकांची करमणूक, ‘खऱ्या’ कॉयरपुढे, म्हणजे गायकवृंदापुढे, टिकणार नाही. मग वेल्समधल्या लँगोलेनच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवाचं काय? कॅलिफोर्नियाचा वेस्टमिन्स्टर कोरस हा बार्बरशॉप समूह तिथे २००९ मध्ये ‘कॉयर ऑफ द वर्ल्ड’ ठरला आणि २०१९ मध्ये पुन्हा!

बार्बरशॉपला वाद्यांची साथ नाही, फक्त चार आवाज. लीड मुख्य चाल गातो, टेनर त्याच्या वर, बास खाली, उरलेल्या फटी बॅरिटोन बुजवतो (सगळ्यात विचित्र ओळी त्याच्याच वाट्याला, बिचारा). सूर अचूक मिळाले की कुणीच न गायलेला वरचा स्वर घुमायला लागतो, तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो तसा. एवढ्या मोठ्या समूहाकडून हे नुसत्या हौसेने होत नाही.

बार्बरशॉपवाल्यांचे ते ठरावीक हातवारे मात्र मलाही सोसत नाहीत.