आधी सांगा, बसला कुठे होतात?

नेरुळकर: कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या जानेवारी 2025च्या पाचही शोंना काल एकाने गुण दिले. अहमदाबाद 26 तारीख दहापैकी दहा, नवी मुंबई 21 तारीख साडेपाच, कारण म्हणे 'पब्लिक थंड'. मी 18ला डी. वाय. पाटील स्टेडियमच्या वरच्या स्टँडमध्ये होतो, 21ला मैदानात. गाणी जवळपास तीच, मनगटावरचे दिवे तेच. पण 18ला पडद्यावर ड्रमवर काठी पडताना दिसायची आणि ठोका मागून यायचा. 21ला तोच ठोका छातीत बसत होता. मंगळवार असूनही माझ्या आजूबाजूला सगळे घसा फाडून गात होते. थंड कोण होतं?

साबरमती२६: यादी माझीच. 26ला लाखावर माणसं, प्रजासत्ताक दिन, आणि बँडचा गायक ख्रिस मार्टिन वंदे मातरम् गातोय. हॉटस्टारवर बघतानाही काटा आला अंगावर.

वाशीची: हॉटस्टारवर?! म्हणजे घरी बसून दहा दिलेत? मिक्स करून आलेला आवाज, कॅमेऱ्याने निवडलेले चेहरे. आम्ही नेरुळ स्टेशनात तासभर चेंगरलो ते साडेपाचात धरलंत का?

साबरमती२६: लोकलची गर्दी बँडच्या खात्यात कशाला? तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे सात लाख लोक होते. घरात आजारी आई. ज्याला तिकीट मिळालं नाही त्याने मतही द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

वाशीची: मत द्या. गुण देऊ नका.

बासवाला: कोल्डप्लेचा 2016चा मुंबईतला शो सगळेच विसरलात. 19 नोव्हेंबर, बीकेसीचं मैदान, नोटाबंदीला 11 दिवस झालेले, खिशात शंभराच्या दोनच नोटा. रहमान स्टेजवर आला तेव्हा शेजारच्या अनोळखी पोराने मला मिठी मारली. त्यापुढे हे पाचही फिके.

नेरुळकर: तेव्हा तुमचं वय काय होतं?

बासवाला: एकवीस. त्याचा काय संबंध?

नेरुळकर: तोच तर आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर बसलात तर पाव सेकंदाहून जास्त उशीर, हे मोजता तरी येतं. एकविसावं वर्ष कसं मोजायचं?

साबरमती२६: बरं, 21ला मी नव्हतो. 'पब्लिक थंड' हे चार रील बघून लिहिलं, ते चुकलं. साडेपाच खोडतो, सात करतो. 26चा अर्धा गुणही कमी करणार नाही.

वाशीची: नका करू. पुढे 'टीव्हीवर पाहिला' एवढं लिहा.

साबरमती२६: लिहिलं. नेरुळकर, आता तुमच्या 18च्या मतापुढे तुमचा स्टँड लिहा.