मदत हवी आहे: मिरज-लातूर नॅरोगेजवरचं आमच्या गावचं बंद स्टेशन, कागद कुठं शोधायचे?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारय, सांभाळून घ्या.

आमचं गाव तडवळ्याच्या पुढं लातूरच्या अंगाला, जुन्या नॅरोगेजवर. (नाव मुद्दाम टाकत नाही, जागेवरून वाद पेटलाय, मदत करणाऱ्याला खाजगी निरोप (व्यनि) करतो.) लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज २००७-०८ ला झाली तेव्हा लाईन थोडी सरकली आन् आमचं स्टेशन बाजूला पडलं. रूळ उचलून नेले. आता काळ्या दगडाची एक खोली, तिकिटाची खिडकी आन् बाभळीनं भरलेला भराव एवढंच राहिलंय.

तर ग्रामपंचायतीला तिथं वाचनालय करायचंय, आणि गावातलं एक घर म्हणायलंय की जागा आमच्या पणजोबानं फुकट दिली व्हती, गाडी चालू आहे तोवरच, आता ती आमची. त्यांच्याकडं एक उर्दू कागद आहे, अर्धा फाटलेला. त्यावर सन १३२१ आहे. त्यांच्या पोरानं मोबाईलवर हिजरी सन टाकून बघितला तर १९०३-०४ निघालं, आणि तेव्हापासून "स्टेशन १९०३ चं" असं गावभर झालंय.

मला हे पटत नाही कारण तेव्हा आपल्याकडं रेल्वेच नव्हती. ज्याला विचारावं तो निजामाची रेल्वे म्हणतो, पण निजामाची म्हणजे मनमाड-औरंगाबाद-परभणी-नांदेड, मीटरगेज. आपली ती बार्शी लाईट, लंडनमध्ये काढलेली प्रायव्हेट कंपनी, काल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरची, अडीच फुटी रूळ. (ह्याच गड्यानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट पण काढलं, कुठं बार्शी कुठं पॅराशूट!) १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी, तेव्हा कुर्डुवाडीला बार्शी रोड म्हणायचे, मग १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं विकत घेतली. मग १९०३ ला आमच्या रानात स्टेशनसाठी कोण कशाला जागा घेईल?

मला हवंय ते असं. स्टेशन लाईनसोबतच झालं का नंतर, आणि जागा कंपनीनं पैसे देऊन घेतली का खरंच दान होती. निजाम रेल्वेचे कागद धुंडाळून उपयोग नाही असं वाटतंय, पण जमीन तर निजाम हद्दीतली, मग हे कागद हैदराबादला का सोलापूरला का लंडनला? आणि कृपा करून "गाडीतून उतरून ऊस मोडून परत चढायचे" टाईप आठवणी नकोत, त्या प्रत्येक नॅरोगेजच्या गावात सांगतात. करोडगिरी म्हणजे निजामाच्या जकात नाक्याची, हाली (निजामाचा) आन् कलदार (इंग्रजांचा) पैशाची कुणाच्या घरात खरी माहिती असेल तर मात्र जरूर लिहा, कारण बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशीपासून इकडं सगळं निजामाकडं, म्हणजे मधी कुठंतरी झडती होत असणारच.

— रानातलं स्टेशन

प्रतिसाद १
दादा, तो सन हिजरी नसून फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचा सन, असणार. निजामाच्या महसुली कागदावर बहुतेक फसलीच असतो. फसलीत ५९० मिळवा. १३२१ अधिक ५९० म्हणजे १९११. तुमची लातूरची तारीख आली बघा. आमच्या वडिलांच्या कागदावर १३५७ आहे, तो १९४७-४८ चा. पण उर्दू वाचणाऱ्याकडून नीट वाचून घ्या, सनाच्या आगंमागं 'फसली' लिहिलेलं असतं. आणि दान का मोबदला तेपण त्याच कागदात निघंल, अर्धा असला तरी.

प्रतिसाद २
आधी हैदराबादला पळू नका. भूमी अभिलेख ऑफिसातून गावनकाशा काढा, रेल्वेची पट्टी वेगळी दिसते. तहसीलमधून १९५४-५५ चा खासरा पाहणी, म्हणजे कोणती जमीन कुणाकडं होती त्याची जुनी नोंद, घ्या, त्या गट-सर्व्हे नंबरला कब्जेदार कोण लिहिलाय बघा. मराठवाड्यात जमिनीचा वाद म्हणलं की वकील पहिल्यांदा तेच मागतो. कुणबी नोंदी शोधताना आम्ही हेच केलं. ही लाईन आता सोलापूर डिव्हिजनला येते, तिथं माहिती अधिकार टाका, दहा रुपये फी, तीस दिवसात उत्तर. कागद दुसऱ्या ऑफिसात असला तर कलम ६(३) खाली त्यांनीच पाच दिवसात अर्ज तिकडं पाठवायचा असतो, तुम्हाला हेलपाटे नाहीत. स्टेशन १९५० च्या आसपास होतं का ते बघायला टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या साईटवर अमेरिकन लष्कराचे जुने नकाशे फुकट आहेत, यू-५०२ मालिका.

धागाकर्ता
फसलीचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे कागद खरा असू शकतो, आणि हे मला गावात सांगावं लागणार, कारण आम्ही तो खोटाच धरून बसलो होतो. वाचून घेतो लातूरला, गंजगोलाईकडं एक जण आहेत असं कळलंय. सोलापूरला अर्ज करताना लाईनचं नाव बार्शी लाईट लिहायचं का मिरज-लातूर, आणि पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावानं काढायची, तेवढं सांगा.