मदत हवी आहे: जर्मन पदकपट्टीवरच्या खुणा

मंडळी, म्युनिकच्या जुन्या बाजारात दोन पदकांची पट्टी मिळाली. पहिला १९१४चा आयर्न क्रॉस (जर्मन लष्करी पदक), दुसऱ्या वर्गाचा. शेजारी तलवारींचा हिंडेनबुर्ग क्रॉस (पहिल्या महायुद्धात लढलेल्यांचं पदक); हा १९३४मध्ये सुरू झाला, म्हणजे पट्टी त्याआधी शिवलेली नाही. हिंडेनबुर्ग क्रॉसच्या मागची उत्पादकाची खूण स्पष्ट आहे, पण आयर्न क्रॉसच्या कडीवरची अक्षरं पार झिजलीत; भिंगातूनही लागत नाहीत. मागच्या लोकरी कापडावरचं कागदी लेबल अर्धं फाटलंय, 'म्युन्शेन' (म्युनिकचं जर्मन नाव) तेवढं उरलंय. लेबल पट्टी शिवणाऱ्या दुकानाचं, पदक घडवणाऱ्याचं नव्हे, इतपत कळतं. अतिनील दिव्याखाली नवा कृत्रिम दोरा बहुधा चमकतो; हा चमकला नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला! कडी न घासता अक्षरं कशी वाचावीत? आणि अशा फाटक्या लेबलावरून दुकान कुणी ओळखलंय का? फोटो कमेंटमध्ये टाकतो.