मुलामुलींसोबत काम करणाऱ्यांनी प्रशिक्षण कुठे आणि कसे घ्यावे?

प्रश्न: किशोरी गटाची कार्यकर्ती, केज तालुका

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका लहान संस्थेत चार वर्षांपासून काम करते. सहा गावांत बारा ते अठरा वर्षांच्या मुलींचे गट चालवणे आणि दसऱ्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघून गेल्या की मागे आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलामुलींची विचारपूस करत राहणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. माझे शिक्षण बी. ए.पर्यंत झाले आहे. रुजू होताना मला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. त्यातला एक दिवस नोंदवह्या आणि अहवाल समजून घेण्यात गेला व दुसऱ्या दिवशी गटात घ्यायचे खेळ आणि गाणी शिकवली गेली. ते खेळ आजही उपयोगी पडतात. परंतु एखादी मुलगी गट संपल्यावर मागे रेंगाळते आणि बोलू लागते, त्या वेळी काय करायचे, हे मला कोणीही शिकवलेले नाही.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी अशीच थांबली. "आधी कोणाला सांगणार नाही म्हणा, ताई," असे ती म्हणाली आणि मी तसे म्हटले. मग तिने सांगितले की तिची सुपारी फुटली आहे आणि आईवडील तोडीला जाण्याआधी लग्न उरकायचे ठरले आहे. पाच दिवस मी ती गोष्ट मनात ठेवली, एकही रात्र नीट झोपले नाही, आणि सहाव्या दिवशी संस्थेच्या प्रमुखांना सांगितले. लग्न थांबले. ती मुलगी मात्र त्यानंतर गटात आली नाही आणि रस्त्यात भेटली तरी मान फिरवून जाते. मी दिलेला शब्द मोडला, असे तिला वाटते, आणि ते खरेच आहे.

तेव्हापासून मी प्रशिक्षणाच्या शोधात आहे. समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यायची तर काम सोडावे लागेल आणि घरची परिस्थिती तशी नाही. मोबाइलवर काही तासांत प्रमाणपत्र देणारे अनेक अभ्यासक्रम दिसतात, पण त्यांतून नेमके काय हाती लागेल ते कळत नाही. या कामात मुरलेल्या मंडळींनी, आपण स्वतः हे कसे शिकलात आणि माझ्या जागी असता तर कोणत्या क्रमाने शिकला असता, हे सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर १: समुपदेशक, लातूर

ताई, तुम्ही दिलेला तो शब्द हा प्रशिक्षणातल्या उणिवेचा परिणाम होता आणि ती उणीव भरून काढणे संस्थेचे काम होते. मुलांसोबत काम करणाऱ्याला खेळ आणि गाण्यांच्याही आधी शिकवायला हवी ती गोपनीयतेची मर्यादा. मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच भेटीत सांगतो: "तुम्ही सांगाल ते मी गावात किंवा घरी बोलणार नाही. पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, किंवा कायद्यानं कळवणं भागच असेल, तर मला एका माणसाला सांगावं लागेल. आणि कोणाला सांगणार, ते आधी तुम्हाला सांगेन." हे ऐकल्यावर मुले बोलणार नाहीत, अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात ती बोलतात. काही जण दोन-तीन आठवडे पारखून मग बोलतात, एवढेच.

या मर्यादेमागचा कायदा कार्यकर्त्याला नीट माहीत असलाच पाहिजे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत असा गुन्हा झाल्याची माहिती असलेल्या किंवा तसा गुन्हा होण्याची धास्ती वाटणाऱ्या कोणत्याही माणसाने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. खात्री करून घेणे, चौकशी करणे, दोन्ही घरांना समोरासमोर बसवणे, यांतले काहीही आपले काम नाही. तरीही अनेक चांगले कार्यकर्ते तळमळीपोटी नेमके तेच करतात आणि मुलीला तीच गोष्ट चार जणांना चार वेळा सांगावी लागते. बालविवाहाच्या बाबतीत गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि लग्न होण्याआधी न्यायालयाकडून मनाई हुकूम आणण्याची तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. हे सारे कागदावर वाचून पुरत नाही. आपल्या तालुक्यातील पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात प्रत्यक्ष जाऊन, तिथे कोण बसते, फोन कोण उचलते, हे पाहून येणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानावा.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आपल्याकडे मोठ्या माणसाने लहानाचे ऐकणे म्हणजे उपदेश सुरू होण्याआधीचा अवकाश, असाच बहुतेकांचा समज असतो. तिघांनी बसावे, एकाने खरीखुरी अडचण सांगावी, दुसऱ्याने दहा मिनिटे कोणताही सल्ला न देता ऐकावे, तिसऱ्याने नुसते पाहावे आणि नंतर सांगावे की ऐकणाऱ्याने कुठे बोलणे तोडले, कुठे "अगं, त्यात काय एवढं" म्हटले. हा सराव महिन्यातून दोनदा वर्षभर केला तर माणूस बदलतो, असे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची मांडणी पाहणे, ऐकणे आणि योग्य ठिकाणी जोडून देणे अशा तीन क्रियांवर आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाला हे शिकता येते. आमच्याकडे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरहून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले खोली घेऊन राहतात, त्यांच्यातल्या एखाद्याला "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारायला घरमालक, खाणावळवाल्या मावशी, शिक्षक, सगळेच घाबरतात, कारण विचारल्याने तो विचार मनात येईल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने मुलाला मोकळे वाटते, हे या क्षेत्रात मान्य झालेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांतील शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्वच कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असे प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे. तुमच्या संस्थेने हंगामी वसतिगृहातल्या स्वयंपाकीण मावशींपर्यंत ते न्यावे, कारण मुले रात्री त्यांच्याशीच बोलतात.

आणि ताई, तुमच्या लिहिण्यात मला सर्वांत जास्त खटकले ते ते पाच दिवस. त्या पाच दिवसांत फोन करावा असा एकही अनुभवी माणूस तुम्हाला नव्हता. तो मिळवा, बाकीचे शिक्षण त्याच्याभोवती उभे राहते.

उत्तर २: समाजकार्याचे अध्यापक, नांदेड

पदवीच्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण याबाबत विद्यार्थ्यांचे बरेच गैरसमज असतात. तरुणांसोबत काम करणे हा आपल्या देशात परिचर्येसारखा नोंदणी असलेला स्वतंत्र व्यवसाय झालेला नाही. इंग्लंडमध्ये १९६० च्या अल्बेमार्ल समितीच्या अहवालानंतर लेस्टर येथे १९६१ मध्ये खास युवा कार्यकर्त्यांसाठी एक वर्षाचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले. आपल्याकडे तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे १९९३ पासून राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था आहे आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पण केजच्या कार्यकर्तीला तिथे जाऊन राहणे कठीण आहे, हे उघड आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणातला खरा ऐवज वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा क्षेत्रकार्यात असतो. दर आठवड्याला विद्यार्थी वस्तीत किंवा संस्थेत जातो, काय घडले आणि आपण काय बोललो ते लिहून आणतो, आणि पर्यवेक्षक त्याच्यासोबत बसून त्यावर चर्चा करतो. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल १९८६ पासून आहे आणि मराठवाड्यातील दोन्ही विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम चालतो. काम सोडणे शक्य नसेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणाने करता येते. तीत क्षेत्रकार्य सक्तीचे आहे आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. प्रवेश घेण्याआधी जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षक कोण आहेत आणि ते खरोखर भेटतात का, एवढे विचारून या. पर्यवेक्षक सही करण्यापुरतेच भेटणार असतील तर ती पदवी तुमच्या उपयोगाची नाही.

लहान अभ्यासक्रमांबद्दल मी मुद्दाम कठोर लिहितो. ज्यात तुम्हाला कोणी प्रत्यक्ष बोलताना पाहत नाही आणि चूक दाखवत नाही, ते माहितीपर वाचन आहे. कायद्याची माहिती घ्यायला ते चालेल, कौशल्यासाठी चालणार नाही. तसेच अशा प्रमाणपत्रानंतर नावापुढे 'मानसशास्त्रज्ञ' लावणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ती चिंतेची बाब आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. आपण कोणत्या टप्प्यावर थांबून मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायचे, हे ज्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, तो घेऊ नये.

उत्तर ३: वसतिगृह अधीक्षक, जालना

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु एका अडचणीकडे लक्ष वेधतो. मानधनावर काम करणाऱ्या, घरी लहान मूल असलेल्या कार्यकर्तीला निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे तर प्रवासखर्च कोण देणार, त्या दिवसांचे मानधन कापणार का आणि तिचे गट कोण घेणार, ही तिन्ही उत्तरे संस्थेकडे तयार नसतात. आम्ही शेजारच्या दोन संस्थांसोबत मिळून महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन तास बसतो. प्रत्येकाने त्या महिन्यातला एक प्रसंग, मुलाचे नाव व गाव न सांगता, मांडायचा आणि बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. जिल्हा रुग्णालयातील एक समुपदेशक तीन महिन्यांतून एकदा येऊन बसतात. खर्च चहाचा आणि एसटीच्या तिकिटांचा.

दुसरे असे की मुलग्यांसाठी काम करणारा माणूसच कुठे तयार होत नाही. बालविवाहावरचे जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षण मुलींच्या गटासाठी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के असताना बीड आणि परभणीत ते ४० टक्क्यांच्या वर आढळले. त्या प्रत्येक लग्नात एक नवरदेवही होता, आणि त्याच्याशी कोणी बोलले होते का, हे आपण विचारत नाही. भरतीसाठी पहाटे तालुक्याच्या मैदानावर धावणारा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात बाद झाला की घरी तोंड दाखवायला कचरतो. त्याच्याजवळ बसायला शिकलेला माणूस आमच्या साऱ्या तालुक्यात मला सापडलेला नाही.

प्रश्नकर्तीचे पुढील लिखाण

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारच्या बैठकीची कल्पना मी आमच्या प्रमुखांसमोर मांडली आणि धारूर व वडवणी भागातील दोन संस्था तयार झाल्या आहेत. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातही चौकशी करते आहे. एकच विचारायचे राहिले: त्या मुलीशी आता कसे बोलावे?

उत्तर: समुपदेशक, लातूर

ताई, तिला गटात परत आणण्याचा प्रयत्न सध्या करू नका. ती एकटी भेटेल तेव्हा, दोन मिनिटांत होईल इतकेच सांगा: "मी कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं, ते म्हणायला नको होतं. सांगण्याआधी तुला सांगायला हवं होतं, तेही मी केलं नाही. ही माझी चूक." लग्न थांबले ते तिच्या भल्याचेच झाले, हे वाक्य त्यात जोडू नका. तिने उत्तर दिले नाही तरी चालेल. तोडीचा हंगाम सुरू झाला की तिचे आईवडील गावात नसतील. त्या काळात तिच्या आजीकडे तुमची नेहमीची विचारपूस चालू ठेवा, आणि ती शाळेत जाते आहे ना, एवढे वर्गशिक्षकांकडून कळत राहील असे पाहा.