सेकंड ओपिनियन घेताना मेडिक्लेमचं काय झालं? आपापले अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आईच्या फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या गाठीच्या) वेळी आमची जी धावपळ झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून हा धागा काढतेय. आम्ही ऐरोलीचे. पहिल्या डॉक्टरांनी पिशवीच काढायला सांगितली, आम्ही हो-नाही म्हणायच्या आत हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कने (विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरने) प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, कंपनीला पाठवला आणि १ लाख ६० हजारांचं अप्रूव्हल पण आलं. आई म्हणाली, मला अजून कुणाला तरी विचारायचंय. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी परत केली आणि म्हणाल्या पिशवी राहू दे, दुर्बिणीतून गाठ काढू. आईच्या चेहऱ्यावरचा ताणच गेला. पण ॲडमिशनच्या आदल्या संध्याकाळी डेस्कवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, पॉलिसी ३ लाखांची आणि शिल्लक १ लाख ४०, कारण आधीचं अप्रूव्हल रद्दच झालं नव्हतं, पैसे तिथेच अडकलेले, आणि इथलं एस्टिमेट १ लाख ७५. रात्री साडेनऊला पहिल्या हॉस्पिटलात जाऊन कॅन्सलेशनचा मेल माझ्यासमोर पाठवायला लावला तेव्हा कुठे सकाळी काम झालं. हॉस्पिटल बदलणार असाल तर तो मेल स्वतःकडे घ्याच, "हो मॅडम करतो" वर राहू नका.

घोडबंदर रोडवरून :
फीचं सांगतो. नुसतं ओपिनियन घेतलं आणि ॲडमिट झालो नाही तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा विमा) असेल तरच. पण त्याच आजारासाठी पुढे ॲडमिट झालो तर आधीची बिलं प्री-हॉस्पिटलायझेशनमध्ये (ॲडमिट होण्याआधीच्या ठरावीक दिवसांच्या खर्चात) बसतात. माझ्या पॉलिसीत ३० दिवस होते. गुडघ्याच्या एमआरआयची तारीख ३४ दिवस आधीची निघाली, ते पैसे गेले, दुसऱ्या डॉक्टरांचे १५०० मिळाले. चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून घ्या, नुसतं "कन्सल्टेशन" लिहिलं की कंपनीची क्वेरी (खुलाशाची मागणी) येते.

कळव्याहून, थोडक्यात :
दुसऱ्या डॉक्टरांनी "तपासण्या करून बघू" म्हणून सासऱ्यांना दोन दिवस ॲडमिट केलं. क्लेम नाकारला. फक्त तपासणीसाठी ॲडमिशन हे बहुतेक सगळ्याच पॉलिसींमध्ये एक्सक्लुजन आहे, म्हणजे त्याचे पैसे मिळत नाहीत, कोड ०४, पॉलिसी काढून बघा.

खारघर :
मिस्टरांच्या बायोप्सीचं दुसरं मत टाटा कॅन्सर हॉस्पिटलकडून घ्यायचं होतं. आमच्याच इथे सेक्टर २२ मध्ये ॲक्ट्रेक आहे, टाटाचंच. रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक (ज्यात बायोप्सीचा तुकडा ठेवलेला असतो) लागतात. लॅबवाले कुरकुरले, लेखी अर्ज दिल्यावर मिळाले. काडेपेटीएवढ्या डबीत ते दोन ब्लॉक घेऊन रिक्षात बसले होते, हात सोडवत नव्हता डबीवरचा. दुसऱ्या रिपोर्टमध्ये ट्यूमरचा प्रकार वेगळा आला, औषधं बदलली, आणि मग कंपनीची क्वेरी की दोन रिपोर्ट वेगळे का. ऑन्कॉलॉजिस्टनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, त्यात कोणता रिपोर्ट धरला आणि का एवढंच होतं, दोन दिवसांत मंजूर झालं. कागदांसाठी कुणी अडवलं तर सांगा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायला लागतं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता.

नौपाड्यातून :
वडिलांच्या न्यूमोनियाचा क्लेम "घरी उपचार होऊ शकले असते" म्हणून नाकारला, कारण पहिल्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन ८८ वर आला आणि छातीच्या डॉक्टरांनी ॲडमिट केलं, ती चिठ्ठी आमच्याकडे होती. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला मेल टाकला, महिनाभर काही नाही. मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. ठाण्यातच ऑफिस आहे, जीवन चिंतामणी बिल्डिंगमध्ये, नवी मुंबईवाल्यांचं पण तेच. फी नाही, वकील नाही, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. मी फक्त दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेने लावल्या आणि ऑक्सिजनच्या नोंदीवर पिवळा हायलायटर फिरवला. पूर्ण रक्कम मिळाली, बाबा आता रोज तलावपाळीला चालायला जातात.

नेरूळ :
नेटवर्कबाहेरच्या (विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या) हॉस्पिटलात कॅशलेस, म्हणजे बिल थेट कंपनीने भरायचं, असं कुणी केलंय का? २०२४ पासून ४८ तास आधी कळवायचं असं आहे ना? बहिणीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सोमवारी आहे आणि दुसरे डॉक्टर नेटवर्कमध्ये नाहीत. कुणी केलं असेल तर प्लीज आजच सांगा.